सामानाच्या कप्प्यामागची भिंत

चार आसनांच्या जुन्या सेस्ना विमानात मागच्या बाकाच्या पाठीमागे सामानाचा बेताचा कप्पा असतो आणि त्या कप्प्याच्याही मागे एक उभी, सपाट भिंत असते. प्रवाशाला ती दिसते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. बॅग तिला टेकवून ठेवायची आणि दार लावून घ्यायचे, एवढाच तिच्याशी संबंध. वैमानिक उड्डाणापूर्वीच्या फेरीत तेल पाहतो, इंधनात पाणी उतरले आहे का ते पाहतो, टायर, पंखांच्या कडा आणि शेपटीची बिजागरे हाताने चाचपतो, पण ही भिंत त्याच्या लेखी सजावटीच्या सदरात जमा झालेली असते. माझ्यासारख्या देखभालीच्या माणसाला तिची आठवण तपासणीच्या वेळी येते, कारण ती काढल्याखेरीज शेपटीच्या पोकळीत डोके घालता येत नाही. एलेव्हेटर आणि रडर, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे भाग, ज्यांनी हलतात त्या पोलादी तारा, त्यांच्या पुल्या आणि ताण राखणारे टर्नबकल त्याच पोकळीत असतात. एखादी सुटी बॅग, छत्री किंवा पाण्याची बाटली तिथे घरंगळली आणि तारेत अडकली, तर वैमानिकाच्या हातातले सुकाणू अडते. तेव्हा ही भिंत म्हणजे माणसांचे सामान आणि विमानाच्या शिरा यांच्यामधली सीमा आहे, आणि ती बदलण्याचे काम मी गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका विमानावर केले.

आमच्याकडची म्हणजे विदर्भातल्या एका आडबाजूच्या धावपट्टीवरची गोष्ट. एका अंगाला पऱ्हाटी, दुसऱ्या अंगाला तूर, मधून डांबराची पट्टी, आणि टोकाला टिनाचे एक शेड. ज्यांना विदर्भ आणि विमान हे शब्द एका ओळीत वाचून नवल वाटते, त्यांच्यासाठी सांगतो की या भागाचा आकाशाशी संबंध नवा नाही. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. चंद्रपूरजवळ मोरवा, अमरावतीजवळ बेलोरा, अकोल्याजवळ शिवणी अशी नावे विमानाच्या माणसांच्या तोंडी सहज असतात. आणि १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतत. देशाच्या टपालाचे ओझे रोज रात्री आमच्या दारात एका विमानातून दुसऱ्यात चढत होते. सामान कुठे ठेवायचे, किती ठेवायचे आणि कसे बांधायचे, हा प्रश्न त्या हमालांनी आणि वैमानिकांनी कंदिलाच्या उजेडातही टाळला नसणार.

आमचे विमान सेस्ना १७२ जातीचे, साठच्या दशकाच्या मध्यातले. या जातीचे उत्पादन अमेरिकेतल्या विचिटा गावी १९५६ साली सुरू झाले आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. १९६३ च्या मॉडेलपासून कंपनीने या विमानाची पाठ खाली घेतली आणि मागे एक रुंद काच बसवली, म्हणजे वैमानिकाला मान वळवून शेपटीकडे पाहता येते. विक्रीच्या दृष्टीने ही काच फार देखणी कल्पना होती. मात्र त्या काचेतून येणारे ऊन थेट सामानाच्या कप्प्यावर पडते, आणि विचिटातल्या अभियंत्यांनी चंद्रपूर-वर्ध्याच्या मे महिन्याचा हिशेब धरलेला नव्हता. नवतपात शेडच्या बाहेर उभ्या असलेल्या विमानाचे दार उघडले की आतली हवा अंगावर येते. हवा बाहेर पंचेचाळीस-शेहेचाळीस अंश असते, तर बंद काचेआडची उष्णता त्याच्या कितीतरी वर. कप्प्याच्या बाजूचे जे भाग कंपनीने साच्यातून काढलेल्या पातळ प्लास्टिकचे केले होते, ते अशा उन्हात आधी पिवळे पडतात, मग ताठ होतात, आणि एक दिवस स्क्रू पिळताना भोकापासून सुरू झालेली चीर हातभर धावत जाते. चिरेच्या टोकाला बारीक छिद्र पाडून तिला थोपवण्याची रीत आहे आणि ती काही काळ चालतेही, पण उन्हाने जीव गेलेले प्लास्टिक एका जागी थोपवले की दुसऱ्या जागी फुटते.

बाजूच्या भागांचे असे झाले होते. मागच्या भिंतीचे प्रकरण निराळे होते, कारण ती मूळची राहिलीच नव्हती. कधीकाळी कोणीतरी मूळ भिंत काढून टाकून तिच्या जागी प्लायवूड बसवले होते, त्यावर फोम लावून तपकिरी रेक्झिन ताणले होते आणि मागच्या बाजूला वळवून टाचण्या मारल्या होत्या. विमानाच्या नोंदवह्या मी पहिल्या पानापासून चाळल्या. इंजिन कधी उतरवले, चाके कधी बदलली, रेडिओ कधी आला, सगळे होते. या प्लायवूडचा उल्लेख कुठेही नव्हता.

काम वाईट होते असे मात्र म्हणता येणार नाही. शेडच्या दुरुस्तीसाठी गावातले मिस्त्री आले होते, त्यांना मी ती फळी काढल्यावर दाखवली. त्यांनी ती उन्हात धरून कडेवरून अंगठा फिरवला, गोलाईकडे एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, "हे कोनं केलं हो भाऊ? हात चांगला हाय त्याचा." खरेच होते. विमानाच्या अंगाची वक्र रेषा त्या अनाम कारागिराने अशी पकडली होती की कुठे नखभर फट नव्हती. मला त्या फळीबद्दल राग नव्हता आणि आजही नाही. आपल्याकडे जुगाडाचे कौतुक करणारे लोक आणि जुगाडाला नाक मुरडणारे लोक, दोघेही हाताच्या कसबाबद्दलच बोलत असतात. या फळीत कसबाची उणीव नव्हती, उणीव एका ओळीची होती: किती वजनाची वस्तू, कोणत्या जागी, कोणी आणि कशाच्या आधारे बसवली. ती ओळ नसल्यामुळे हे विमान कित्येक वर्षे अशा वजनपत्रकावर उडत होते, जे त्या विमानाचे नव्हते.

भिंत निघाल्यावर मागे जे दिसले, ते पाहून मी मिस्त्रींनाच बॅटरी धरायला सांगितली. पोकळीच्या तळाशी उंदरांनी घर केले होते. शहरातल्या विमानात उंदीर इन्शुलेशनचे तुकडे आणि कागद गोळा करतात. आमच्या उंदरांनी शेजारच्या वावरातला कापूस आणला होता, सरकीसकट, आणि त्यात सोयाबीनच्या शेंगांची टरफले. गादी मऊ होती यात शंका नाही. पण उंदराचे मूत्र अॅल्युमिनियमला खाते, आणि त्या गादीखाली पत्र्यावर पांढरी, खरबरीत भुकटी धरली होती. बोटाने पुसली की खाली बारीक खड्डे लागत. खड्डे उथळ होते, पत्र्याची जाडी मर्यादेच्या आत शिल्लक होती, म्हणून पत्रा बदलावा लागला नाही. अशी जागा साफ करताना लोखंडी तारेची घासणी वापरायची नसते, कारण तिचे कण पत्र्यात रुततात आणि पुढच्या पावसाळ्यात तेच कण गंजाचे नवे बी ठरतात. नायलॉनच्या घासणीने हळूहळू घासून, धुऊन, पूर्ण कोरडे करून मग त्यावर हिरवट-पिवळा प्रायमर दिला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती आणि ती दिसायला अगदीच किरकोळ होती. प्लायवूड जाड असल्यामुळे त्या कारागिराने लांब, टोकदार लाकडी स्क्रू वापरले होते. त्यातल्या एकाचे टोक भिंतीच्या मागे इतके बाहेर आले होते की शेपटीच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याला ते टेकत होते. इंजिन चालू असताना विमानाचे सगळे अंग थरथरत असते; त्या थरथरीने स्क्रूच्या टोकाने वायरीवरचे आवरण कोरून काढले होते, आणि आत तांब्याचा तांबूस ठिपका चमकत होता. वायर बदलली, जुडगे नव्या क्लॅम्पने दूर बांधले. तिथेच उजव्या अंगाला अपघातानंतर आपोआप संकेत पाठवणारे यंत्र असते, ज्याला आम्ही ईएलटी म्हणतो. उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झवरचे जुने संकेत ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले, आता ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र लागते. आमच्या विमानात ते नवे यंत्र होते, पण त्याच्या अँटेनाची केबल त्या फळीच्या कडेखाली दाबली गेली होती. यंत्र नवे घेणाऱ्याने पैसे मोजले आणि फळी परत लावणाऱ्याने केबल चेपली. दोघांनी आपापले काम पूर्ण झाले असे समजून हात धुतले असतील.

आता वजनाबद्दल, कारण सगळा जीव त्यात आहे. ज्यांनी कापसाची बंडी भरली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. बोजा मागे गेला की बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवर भार उरत नाही आणि चढावर धुरा आभाळाकडे पाहू लागतो. बोजा फार पुढे घेतला तर बैलांची मान मोडते. माझे वडील शेवटची गाठोडी टाकण्याआधी जुवाला हात लावून अदमास घेत. विमानातही तसेच आहे, फक्त जुवाला हात लावून पाहण्याची सोय नाही, म्हणून आकडेमोड करावी लागते. या विमानात मोजमाप इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलपासून सुरू होते. पूर्ण भारात, म्हणजे सुमारे १०४३ किलो वजनात, गुरुत्वमध्य ज्या पट्ट्यात राहिला पाहिजे तो पट्टा २२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. एवढ्या मोठ्या यंत्राचा तोल वितीच्या जागेत सांभाळायचा. गुरुत्वमध्य मागे सरकला की सुकाणू हलके लागते, जे नवशिक्याला आवडते, पण विमानाची सरळ राहण्याची वृत्ती कमी होते, आणि वेग घटून विमान कोसळू लागले तर नाक खाली आणून त्याला सावरणे अवघड होते. भिरभिरत पडू लागले तर अशक्यही होऊ शकते.

सामानाच्या कप्प्याची मागची भिंत त्या फायरवॉलपासून जवळजवळ पावणेतीन मीटर मागे आहे. जुनी फळी फोम आणि रेक्झिनसकट दीड किलोच्या वर भरली. ज्या जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा तिथे लागतो, तो कापड लावूनही पाऊण किलोच्या आत बसतो. फरक एका किलोचा धरला, तर रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. तीन मिलिमीटरने काही विमान पडत नाही, हे मी आधीच मान्य करतो. पण जुने विमान एकाच फळीने जड होत नाही. रंगावर रंग चढतात, बंद पडलेल्या यंत्रांच्या वायरी आतच राहतात, गालिच्याखाली वर्षानुवर्षांची माती साचते, आसनांवर नवे फोम येतात. यातले बरेचसे ओझे मध्यापासून मागेच जमते, आणि प्रत्येक जण आपल्यापुरते म्हणतो की एवढ्याने काय होते. कागदावरचे विमान मात्र कारखान्यातून निघाल्याच्या दिवशीइतकेच सडपातळ राहते.

नवी भिंत कुठून आणायची याचे दोन मार्ग होते. अमेरिकेत अशा जुन्या विमानांचे प्लास्टिकचे भाग मान्यता घेऊन घडवणारे आणि विकणारे लोक आहेत. बाजूचे वळणदार भाग आम्ही तिकडूनच मागवले, कारण तसे वळण देणारा साचा इथे करणे परवडणारे नव्हते. त्या भागांच्या किमतीइतकाच खर्च त्यांना इथवर आणायला आला, हे सांगून तो विषय सोडतो. मागची भिंत सपाट होती, म्हणून ती मान्य आराखड्यानुसार अॅल्युमिनियममध्ये करायचे ठरले. विमानाच्या नियमांत हे कोणीही, कुठेही करू शकत नाही. १९३७ च्या विमान नियमांपासून चालत आलेली व्यवस्था अशी की देखभालीचे काम परवानाधारक अभियंत्याने तपासून सही केल्याखेरीज विमान उडायला मोकळे होत नाही, आणि वापरलेल्या वस्तूबरोबर तिचे प्रमाणपत्र असावे लागते. या कागदपत्रांना कंटाळून पुष्कळ लोक या धंद्यातून बाहेर पडतात. मी त्या कागदांचा भक्त नाही, त्यातले काही कागद निव्वळ कागदासाठी असतात असे माझे मत आहे. पण त्या प्लायवूडमागे बॅटरी धरून बसलो असताना मला नियमावली पहिल्यांदाच पातळ वाटली.

पत्र्याचेही तसेच. यवतमाळ किंवा नागपूरच्या बाजारात अॅल्युमिनियमचा पत्रा मिळतो आणि तो डोळ्यांना अगदी विमानाच्या पत्र्यासारखा दिसतो. विमानाला लागतो तो २०२४-टी३ या मिश्रधातूचा, ज्यात सुमारे चार टक्के तांबे असते. तांब्यामुळे बळ येते, पण गंज लवकर धरतो, म्हणून दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. अशा मिश्रधातूचे गुपित अल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन माणसाला १९०६ साली सापडले: तापवून पाण्यात विझवलेला धातू नुसता ठेवून दिला तरी काही दिवसांत आपोआप कठीण होत जातो. खऱ्या पत्र्यावर मिश्रधातूचा क्रमांक ओळीने छापलेला असतो. मी कापताना तो छापील भाग मागच्या बाजूला येईल असा ठेवला आणि पुसला नाही. पुढे कोणी ही भिंत काढेल तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारावा लागणार नाही.

फर्मा मात्र मिस्त्रींनी केला. बियाण्याच्या पाकिटांचे मोठे खोके उसवून त्यांनी पुठ्ठा सपाट केला, तो विमानाच्या अंगाला जवळजवळ टेकवून धरला आणि कंपासचे एक टोक विमानाच्या कडेवरून, दुसरे पुठ्ठ्यावरून असे चालवत नेले. भिंत वाकडी असलेल्या घरात कपाट बसवताना सुतार हेच करतो. विमानाचे अंग डावीकडे आणि उजवीकडे सारखे नव्हते. साठ वर्षांत कधीतरी त्याला एक बारीक दबा बसून गेला होता, आणि तो कंपासच्या रेघेत उमटला. आराखड्यातले माप आणि प्रत्यक्ष विमानाचे माप यांत जो केसाएवढा फरक असतो, तो असाच काढावा लागतो. पुठ्ठा पहिल्याच खेपेला जागेवर बसला, तेव्हा मिस्त्रींनी काही बोलण्याऐवजी विडी शिलगावण्यासाठी शेडबाहेरची वाट धरली. शेडमध्ये इंधन असल्यामुळे आत विडी चालत नाही, हे त्यांना एकदाच सांगावे लागले होते.

परत येऊन त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि फर्मा पत्र्यावर ठेवून रेघ मारायला वाकले. मी त्यांचा हात धरला. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्राफाइट, आणि ग्राफाइट व अॅल्युमिनियम यांच्यात ओल आली की विजेचा बारीकसा खेळ सुरू होतो, ज्यात मार नेहमी अॅल्युमिनियमला बसतो. रेघेच्या वाटेने पत्रा कुरतडला जातो. म्हणून विमानाच्या पत्र्यावर पेन्सिल चालत नाही, शाईचे पेन वापरायचे. टोकदार सुईने ओरखडा मारूनही चालत नाही, कारण वरचा शुद्ध थर कापला जातो आणि चीर सुरू व्हायला जागा मिळते. मिस्त्रींनी पेन्सिलीकडे पाहिले, विमानाकडे पाहिले आणि विचारले, "आता पेन्सिलीनंही इमान पडते काय भाऊ?" मी म्हटले, एका रेघेने नाही पडत. तेव्हा त्यांनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली आणि पेन मागून घेतले.

पुढचे काम धीराचे होते, अवघड नव्हते. कापलेली प्रत्येक कड कानशीने गुळगुळीत करायची, कोपरे गोल करायचे. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच चीर निघते. प्रत्येक छिद्राचा मध्य कडेपासून स्क्रूच्या व्यासाच्या निदान दुपटीने आत ठेवायचा. छिद्र पाडल्यावर कडेला जी धार उरते ती दोन्ही बाजूंनी काढायची, पण इतकीही नाही की छिद्राला खोलगट वाटी पडावी. २०२४ जातीचा पत्रा काटकोनात टोकदार वळवला तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला तडकतो, म्हणून कडा वळवताना वळणाला पुरेशी गोलाई द्यावी लागते. आणि एवढा मोठा पातळ पत्रा नुसता सपाट ठेवला तर तो इंजिनच्या थरथरीबरोबर आतबाहेर डबडबतो. त्याला आवर घालायला उथळ पन्हळी काढाव्या लागतात. पन्हळी आल्यावर पत्र्याच्या आवाजातच फरक पडला. आधी बोटाने वाजवला की तो डबडबत होता, आता ठणठणीत वाजू लागला.

कापडाबाबत मी कोणाचेच ऐकले नाही. आधीच्या रेक्झिनचा रंग आसनांना जुळतो, तसेच आणा, असा आग्रह होता. जुन्या रेक्झिनचा फोमसकट एक तुकडा शेडपासून लांब नेऊन काडी लावून दाखवला. त्याने चटकन पेट घेतला, वितळून जळते थेंब खाली पडले आणि काळ्या धुराने पाहणाऱ्यांना मागे सरकावे लागले. विमानाच्या केबिनमधले कापड ज्वाळा दूर केल्यावर आपोआप विझणारे असावे लागते आणि तसे चाचणीचे प्रमाणपत्र त्याच्यासोबत यावे लागते. तसे जे कापड मिळाले त्याचा रंग करडा निघाला. आता मागचा कप्पा करडा आहे आणि आसने तपकिरी आहेत. जुळत नाहीत.

स्क्रू आखूड घेतले, मागच्या बाजूला त्यांची टोके कुठवर येतात ते आरशात पाहिले आणि मगच भिंत पक्की केली. त्यानंतर विमानाचे वजन नव्याने घ्यायचे ठरले, कारण जिथे एक अनोंदलेली फळी निघाली तिथे कागदावरच्या इतर आकड्यांवर विश्वास कसा ठेवणार? यासाठी विमान आधी पातळीत आणावे लागते. शेपटीच्या डाव्या अंगाला कारखान्यानेच दोन स्क्रू त्यासाठी नेमून दिलेले आहेत. ते थोडे बाहेर काढून त्यांवर पाणसळ ठेवतात आणि नाकाच्या चाकाची हवा कमी-जास्त करून बुडबुडा मध्यावर आणतात. मिस्त्रींना हे फारच आवडले. दरवाजाची चौकट ओळंब्यात आणणाऱ्या माणसाला विमान टायरच्या हवेने पातळीत येते हे पाहून हसू येत होते, आणि बुडबुडा मध्यावर आला की नाही याचा शेवटचा निर्णय मी त्यांच्याच डोळ्यावर सोपवला. प्रमाणित काटे तिन्ही चाकांखाली गेले. कागदापेक्षा विमान जड निघाले. जड निघणारच होते. नवे वजनपत्रक झाले, नोंदवहीत भिंतीची ओळ लिहिली गेली: काय काढले, त्याचे वजन, काय बसवले, त्याचे वजन, फायरवॉलपासूनचे अंतर, पत्र्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, सही आणि परवाना क्रमांक.

एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे कप्प्याच्या दाराजवळची वजनमर्यादेची पाटी. जुनी पाटी उन्हाने इतकी फिकट झाली होती की त्यावर १२० एवढेच वाचता येत होते, पुढचा पौंडाचा शब्द उडून गेला होता. आपल्याकडच्या माणसाला नुसता १२० दिसला तर तो किलोच समजणार. पौंड आणि किलो यांच्या घोळात २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका मोठ्या बोइंगमध्ये निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले होते आणि एक्केचाळीस हजार फुटांवर असताना इंधन संपत आले, मग दोन्ही इंजिने बंद पडून ते विमान तरंगत गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवावे लागले होते. मग चार आसनी विमानाच्या कप्प्याची काय कथा. नव्या पाटीवर १२० पौंड हे मान्य शब्द तसेच ठेवले आणि खाली ५४ किलो असे लिहिले. दाराच्या आत, हाताशी येईल असा, बॅग अडकवून वजन करायचा एक लहान काटाही लटकवला.

मिस्त्री ती पाटी वाचत उभे राहिले. "चोपन किलो म्हणजे सोयाबीनचा एक कट्टा," ते म्हणाले. मी सांगितले, कट्टा खरा, पण टाकी भरलेली असेल आणि चौघे जण बसले असतील तर तोही नेता येणार नाही, विमान एकूण वजनाच्या मर्यादेबाहेर जाईल. त्यांनी चार आसनांकडे, मग कप्प्याकडे पाहिले आणि हिशेब करून टाकला.

"मंग चौघायनं कायले जाचं? तिघं जा, अन् कट्टा न्या."